गिटार कोणाच्या बापाची?



मला हार्ड रॉक आवडतं. त्यातही १९८० च्या दशकातलं ते केस फुगवलेलं, डोळ्यांत काजळ घातलेलं, चकचकीत ग्लॅम मेटल जरा जास्तच आवडतं. मॉटली क्रू, पॉयझन, सिंड्रेला, बॉन जोवी, स्किड रो आणि सगळ्यांच्या वर गन्स एन रोझेस. चळवळीत पंचवीस वर्षं काढली, पण हे कधी लिहिलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. यंदा विचारलं. जयंतीच्या तयारीच्या बैठकीला मी गन्स एन रोझेसचा टी-शर्ट घालून गेलो होतो. क्रॉसवर पाच कवट्या, त्यांच्या पहिल्या अल्बमचं ते प्रसिद्ध चित्र. एक ज्येष्ठ काका म्हणाले, "काय गड्या, ह्या कवट्या घालून जयंतीच्या मिटिंगले आला तू?" सगळे हसले, मीही हसलो. पण नंतर दोन दिवस व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा पेटली. हा पाश्चात्त्य भांडवली नंगानाच आहे, आपल्या पोरांनी आपलं संगीत ऐकावं, कार्यकर्त्यानं आदर्श ठेवावा, असा एकूण सूर.

नंगानाचाचं नंतर बघू. "आपलं संगीत" हा शब्द मात्र मला सोडवत नाही. आपलं म्हणजे कोणतं? ते कोणी ठरवलं?

आधी हे संगीत दर्यापूरला आलं कसं ते सांगतो. नव्वदच्या दशकात केबल आली आणि तिच्यासोबत एमटीव्ही आला. केबलवाला दुपारी कुणी बघत नाही म्हणून तो चॅनल चालू ठेवायचा. तिथं 'नोव्हेंबर रेन' पाहिलं. वाळवंटातल्या एका छोट्या चर्चबाहेर केसांनी तोंड झाकलेला माणूस डोक्यावर उंच टोपी घालून गिटार वाजवतो आणि कॅमेरा त्याच्याभोवती आकाशातून घिरट्या घालतो. इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण ती गिटार कळत होती. पुढं अमरावतीला समाजकल्याणच्या वसतिगृहात राहायला गेलो. तिथं अचलपूरकडच्या एका मित्राकडं टीडीकेच्या कोऱ्या कॅसेटवर भरून आणलेला 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' होता. बाजू एक संपली की बॉलपेन घालून फीत गुंडाळायची, म्हणजे टेपचे सेल वाचतात. खोलीत आम्ही चौघं होतो. त्याच टेपवर वामनदादा कर्डकांची गाणी वाजायची, प्रल्हाद शिंदे वाजायचे आणि हेही वाजायचं. या तिघांत काही भांडण आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. सुटीत ती कॅसेट घरी आणली तेव्हा आई चुलीपासून ओरडली होती, "कोनाले मारून राह्यले रे थे? एवढा कायले बोंबलते थो बावा?"

प्रश्न रास्त होता. थो बावा कायले बोंबलते, याचं उत्तर शोधत गेलो तेव्हा मी थेट कापसाच्या वावरात पोचलो.

अमेरिकेत अर्कान्सा राज्यात एक गाव आहे. नाव कॉटन प्लांट. म्हणजे आपल्या वऱ्हाडीत पऱ्हाटी. या पऱ्हाटी नावाच्या गावात १९१५ साली एक काळी मुलगी जन्मली, सिस्टर रोझेटा थार्प. चर्चमध्ये गाणारी. १९३०-४० च्या दशकांत या बाईनं इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवली आणि देवाची गाणी अशी काही वाजवली की पुढं एल्व्हिस प्रेस्ली, चक बेरी, लिटल रिचर्ड या सगळ्यांनी तिचं ऋण मान्य केलं. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला जागा मिळायला मात्र २०१८ साल उजाडावं लागलं. तोवर तिच्या मागून आलेल्या गोऱ्या पोरांचे पुतळे उभारून झाले होते. मडी वॉटर्स हा दुसरा. मिसिसिपीतल्या मळ्यावर राबणारा शेतमजूर, १९४३ साली शिकागोला गेला आणि मळ्यातला ब्लूज विजेच्या गिटारवर आणला. ब्लूज हे कापूस वेचणाऱ्यांच्या, गुलामांच्या नातवंडांचं गाणं. गिटारची तार बोटानं ओढून सूर वर नेतात, आपल्याकडं मींड म्हणतात तसं. तो सूर माणसाच्या विव्हळण्यासारखा येतो, कारण तो माणसाच्याच गळ्यावरून घेतलेला आहे. हार्ड रॉकमधली प्रत्येक लांबलचक गिटार त्या ओढलेल्या तारेवर उभी आहे.

आता वऱ्हाडाकडं या. १८६१ ते १८६५ अमेरिकेत गुलामीच्या प्रश्नावर यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा म्हणून इंग्रजांची नजर वऱ्हाडावर खिळली. त्या दशकात इथं कापसाचे भाव चढले, रेल्वे आली, बाजार वसले. दर्यापूरवरून जाणारी आणि आता बंद पडलेली आपली शकुंतला रेल्वेसुद्धा कापूस वाहण्यासाठीच घातलेली. तिकडं कापूस कोण वेचत होतं? काळी माणसं. इकडं कोण वेचत होतं, आजही कोण वेचते? आपल्या आया-मावश्या. एकाच गिरणीच्या तोंडात दोन खंडांतल्या दोन बहिष्कृत समाजांच्या बोटांनी वेचलेला कापूस गेला. त्यांच्या वावरातून एक गाणं निघालं, ते विजेवर चढलं आणि फिरत फिरत दर्यापूरच्या केबलवर आलं. मग हे संगीत माझ्यासाठी परकं कसं? मला तर ते चुलतभावाचं पत्र वाटतं, फक्त पत्ता चुकत चुकत उशिरा पोचलेलं.

ज्यांनी हे संगीत जन्माला घातलं त्यांचं नाव पुसायचा उद्योगही आपल्या ओळखीचाच आहे. लेड झेपेलिन या इंग्रज बँडचं १९६९ चं सर्वांत गाजलेलं गाणं काळे गीतकार विली डिक्सन यांच्या गाण्यावरून उचललेलं होतं. १९८५ साली डिक्सन कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये तडजोड झाली. ग्लॅमवाले पोरं काजळ, लिपस्टिक लावून मिरवायचे, त्याला जगानं नवं म्हटलं. लिटल रिचर्ड हा काळा समलिंगी गायक हेच सगळं १९५० च्या दशकात करून बसला होता. लावणी, तमाशा कोणाचा आणि नाव कोणाचं झालं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा इतिहास वेगळा शिकवावा लागत नाही.

दुसरी बाजू अशी, की ज्यांनी भारतात रॉकची मक्तेदारी घेतली तेही आपल्याला दारात उभं करत नव्हते. मुंबईत रॉक मशीन नावाचा बँड १९८४ मध्ये सुरू झाला, १९८८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, पुढं ते इंडस क्रीड झाले. वाजवायचे उत्तमच. उदय बेनेगलचा आवाज, महेश तिनईकरची गिटार, मला दोन्ही आवडतात. १९८६ पासून धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक भरायचं. पण ते जग मुंबईतल्या कॉलेजांचं, इंग्रजी माध्यमाचं, घरी स्टिरिओ असलेल्यांचं. त्यात गैर काही नाही, पण तिथून एक समज पसरला की रॉक कळायला एक विशिष्ट घर, विशिष्ट आडनाव आणि विशिष्ट उच्चार लागतात. मी शिकायला मोठ्या शहरात होतो तेव्हा कॉलेजच्या बँडमध्ये जागा आहे असं ऐकून गेलो. वाजवायला सांगायच्या आधी आडनाव विचारलं. मग एकजण हसत म्हणाला, "तुमच्याकडं तर जोरदार डीजे असतो ना चौदा एप्रिलला?" बस, एवढंच. शिवी नाही, धक्का नाही. माणसाला त्याच्या जागेवर परत पाठवायला एवढं पुरतं.

म्हणजे तिकडचे म्हणतात, तुझं संगीत डीजे. इकडचे म्हणतात, तुझं संगीत भीमगीत. दोघांचा भाव वेगळा आहे, मान्य. एकात तुच्छता आहे आणि दुसऱ्यात माया. पण मला काय आवडावं हे मला न विचारता ठरवणं दोन्हीकडं सारखंच नाही का?

इथं बाबासाहेबांकडं जायला हवं. 'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६ च्या निबंधात ते जातीवर जे अनेक आरोप ठेवतात त्यांतला एक आपण फारसा उच्चारत नाही. जात माणसाचं काम त्याच्या जन्मावरून आधीच नेमून टाकते, त्यात व्यक्तीच्या आवडीनिवडीला जागाच नसते, असा तो आरोप आहे. आवडनिवड! बाबासाहेबांनी ती क्षुल्लक मानली नाही. वाद्यांचंच बघा. वऱ्हाडात डफडं वाजवायचं काम मुख्यतः मातंग समाजाच्या माथी मारलेलं. चामडं विटाळाचं, म्हणून वाजवणारा विटाळाचा, पण त्या तालावर नाचायला अख्खं गाव. वीणा कोणाच्या हातात, शहनाई कोणाच्या, डफडं कोणाच्या, हे जन्मानं ठरलेलं. गावकीची हलकी कामं टाका असं बाबासाहेबांनी सांगितलं, तेव्हा आपल्या पूर्वजांनी गावाच्या दारात उभं राहणं सोडलं. त्यासाठी मार खाल्ला, वाळीत पडले. नेमून दिलेला आवाज नाकारण्याची किंमत त्यांनी मोजली आहे. म्हणून त्यांच्या नातवानं एखादा आवाज स्वतःहून निवडला तर त्याला किमान "कायले?" असं दरडावू नये. खुद्द बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. ते वाद्य त्यांना कोणत्या गावकीनं नेमून दिलं होतं?

आणि आपलं म्हणून जे आपण मिरवतो ते तरी कुठून आलं? भीमगीतांची पेटी युरोपातून आली. कव्वालीचा मुकाबला सुफींच्या दर्ग्यातला. कितीतरी भीमगीतांच्या चाली सिनेमाच्या. भीमराव कर्डकांच्या पिढीनं आंबेडकरी जलसा उभा केला तो सत्यशोधक जलशाच्या आणि तमाशाच्या पायावर. त्यातली गण-गवळण काढली आणि माणसाचा प्रश्न घातला. आपल्या शाहिरांनी कधीच विचारलं नाही की हा साचा कुणाच्या घरचा. त्यांनी तो घेतला आणि वापरला. चेन्नईत २०१८ च्या जानेवारीत पा. रंजित यांच्या पुढाकारानं 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' उभा राहिला. तिथल्या वस्त्यांतली गाना गाणारी पोरं, रॅप आणि इलेक्ट्रिक गिटार एकाच मंचावर. नाव घेतलं ते पंडित अयोथी दास यांच्या जातिभेदविरहित या कल्पनेवरून. महाराष्ट्रात असं काही मोठं उभं राहिलं नाही, याचं मला वाईट वाटतं. ज्या मातीनं १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन दलित पँथर उभी केली, त्या मातीला काळ्यांची गिटार परकी वाटावी?

आता नंगानाच. यात तथ्य आहे आणि ते झाकायची मला गरज नाही. ग्लॅम मेटलचे अर्धे व्हिडिओ बाईला मोटारीच्या टपावर ठेवलेली वस्तू समजतात. पिणं, नशा, त्याची फुशारकी, सगळं आहे. मॉटली क्रूच्या काही गाण्यांच्या वेळी मी आजही पुढं सरकवतो, विशेषतः मुलगी खोलीत असली की. पण सर्वांत मोठं दुखणं माझ्याच लाडक्या बँडचं आहे. १९८८ मध्ये गन्स एन रोझेसनं 'वन इन अ मिलियन' नावाचं गाणं काढलं. त्यात काळ्यांना, समलिंगींना, बाहेरून आलेल्यांना सरळ शिव्या आहेत. ॲक्सल रोझनं लिहिलेलं. आणि त्याच बँडमध्ये गिटार वाजवणाऱ्या स्लॅशची आई काळी, ओला हडसन, वेशभूषाकार, जिनं डेव्हिड बोवीसारख्या गायकाचे कपडे केले. पुढं २०१८ साली बँडनं जुन्या गाण्यांचा मोठा संच काढला तेव्हा हे गाणं त्यातून वगळलं. उशिरा, आणि गाजावाजा न करता.

मग चाहत्यानं काय करावं? उत्तर मला दुसऱ्या एका बँडनं दिलं. लिव्हिंग कलर, न्यूयॉर्कचा हार्ड रॉक बँड, चौघेही काळे. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमाआधी वाजवायला हे दोन्ही बँड एकाच मंचावर होते. लिव्हिंग कलरचा गिटारवादक व्हर्नन रीड यानं त्या मंचावरून, हजारो गोऱ्या प्रेक्षकांसमोर, या गाण्याबद्दल आपला निषेध नोंदवला. मग गिटार उचलून वाजवली. मंच सोडला नाही आणि तोंडही बंद ठेवलं नाही. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. याच बँडचं 'कल्ट ऑफ पर्सनॅलिटी' हे गाणं १९८८ चं. त्याची सुरुवात माल्कम एक्स यांच्या आवाजानं होते आणि ते गाणं आहे व्यक्तिपूजेवर. त्यात मुसोलिनी, स्टॅलिन, केनेडी आणि गांधी ही नावं एका रांगेत येतात. १९९० मध्ये त्याला हार्ड रॉकचं ग्रॅमी मिळालं. आता २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं बाबासाहेबांचं भाषण काढा. राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते, असा इशारा त्यात आहे. मला हे गाणं त्या इशाऱ्याला लावलेली चाल वाटते. चाहता आणि भक्त यांत फरक आहे तो हाच. भक्त देवाची चूक लपवतो. चाहत्याला गाण्यातला कोणता सूर खोटा लागला तेही ऐकू येतं, कारण त्यानं ते शंभरदा ऐकलेलं असतं. आपल्याकडच्या काही नेत्यांचे कार्यकर्ते भक्त होण्याऐवजी नुसते चाहते झाले असते, तरी चळवळीचं बरंच भलं झालं असतं. असो.

राहिला प्रश्न नटण्याचा. "पुरुषासारखे पुरुष आणि काजळ लावतात?" असं ग्रुपवर एकानं लिहिलं. पॉयझनची पोरं पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या गावची, ॲक्सल रोझ इंडियानातल्या लाफायेटचा. खिशात काही नाही. लॉस एंजेलिसला गेली आणि नटून उभी राहिली, कारण नटल्याशिवाय त्यांच्याकडं कुणी बघणारच नव्हतं. आपण या गोष्टीला हसावं? महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं की लुगडं नीट नेसा, ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते ते टाकून द्या. कोट, टाय आणि चकचकीत बूट घालून ते स्वतः गोलमेज परिषदेत बसले. अस्पृश्यानं मळकट दिसावं हा इथला नियम होता, तो त्यांनी कपड्यानंही मोडला. दर्यापूरच्या रस्त्यावर चौदा एप्रिलला निळा फेटा, नवे कपडे, गॉगल घालून निघणारं पोट्टं बघितलं की आपले काही विद्वान नाक मुरडतात. मी नाही मुरडत. त्या पोट्ट्याचा आजा नवा सदरा घालून गावातून गेला तर मार खात होता.

१७ मे २०२५ ला गन्स एन रोझेस मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले. मी मूर्तिजापूरहून गाडी धरून गेलो होतो. तिकिटाच्या रकमेवरून घरी जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही. शेजारी उभ्या असलेल्या पोरानं विचारलं, कुठून आलात? म्हटलं, दर्यापूर. तो म्हणाला, समुद्राकाठी का? म्हटलं, नाही बावा, खारपाणपट्ट्यात. पाणी खारं आहे, पण समुद्र नाही. मग स्लॅशनं ती उंच टोपी घालून 'स्वीट चाइल्ड ओ माइन'ची सुरुवात वाजवली आणि पुढची काही मिनिटं कुणी कुणाला गाव विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दादरला उतरलो आणि चैत्यभूमीवर गेलो. त्याच कवट्यांच्या टी-शर्टात. तिथं कुणी मला अडवलं नाही.

आमच्या वस्तीतली तीन पोरं सध्या संध्याकाळी विहाराच्या मागच्या खोलीत वाजवतात. दोन गिटार, एक जुना ॲम्प्लिफायर, तो अकोल्याहून सेकंडहँड आणलेला. त्याचा एक स्पीकर फाटला आहे आणि त्यामुळं आवाज उलट जास्त चांगला येतो, खरखरीत. ड्रमसेट नाही, म्हणून तिसरा ढोलकी वाजवतो आणि पायानं पत्र्याचा डबा. यूट्यूबवरून शिकलेत. सध्या त्यांनी एक जुनं भीमगीत घेतलंय आणि त्याच्या दोन कडव्यांच्या मधे गिटारचा असा काही लांब तुकडा घातलाय की परवा तेच कवट्यावाले काका दारात येऊन पाच मिनिटं उभे होते. काही बोलले नाहीत. जाताना फक्त "आवाज थोडा कमी करा रे, अभ्यासिकेत पोट्टे बसले आहेत" एवढं म्हणाले. ते बरोबरच होतं, वेळ बदलून घेतली आहे.

पुढच्या जयंतीला मिरवणुकीनंतरच्या कार्यक्रमात त्यांना वीस मिनिटं द्यावीत, अशी मी उत्सव समितीला विनंती केली आहे. त्यांना बेस गिटार वाजवणारं कुणीतरी हवंय, मुलगी असली तर अजून चांगलं. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर भागात कुणाला येत असेल, किंवा शिकायची तयारी असेल, तर संध्याकाळी सातनंतर विहारात या. गिटार नसली तरी या.